‘आप्पांना विचारा’ : एका अपरिहार्य सचिवाचे प्रकरण

पार्श्वभूमी

कोथरूड परिसरातील ही सहकारी गृहनिर्माण संस्था १९८४ साली नोंदवली गेली. तीन इमारती, ४८ सदनिका, मधोमध एक आंब्याचे झाड आणि त्याखाली नंतर कधीतरी बसवलेले दोन बाक असे तिचे स्वरूप आहे. मूळ सभासदांपैकी बरेच जण आता सत्तरी ओलांडलेले आहेत. त्यांची मुले बाणेर-बालेवाडीला किंवा परदेशी गेली असून सुमारे तिसरा हिस्सा सदनिकांत भाडेकरू राहतात. सर्व संबंधितांच्या संमतीने हे प्रकरण येथे मांडले आहे आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ज्यांच्याभोवती हे प्रकरण फिरते त्या सचिवांना सगळी सोसायटी ‘आप्पा’ म्हणते. एका संरक्षण उत्पादन कारखान्यातून पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर २००४ साली ते सचिव झाले. निवडणूक अशी झालीच नाही. वार्षिक सभेत सचिवपदासाठी कोणी तयार होईना, तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, ‘आप्पा आता मोकळेच आहेत, त्यांनाच द्या ना.’ टाळ्या वाजल्या आणि सभा चहाकडे वळली. व्यवस्थापन समितीची मुदत पाच वर्षांची असते. त्या हिशेबाने समित्या बदलल्या, अध्यक्ष बदलले, सचिव मात्र पुढची १८ वर्षे तेच राहिले.

वाचकाच्या मनात येणारी शंका प्रथमच दूर केलेली बरी. या प्रकरणात पैशाचा अपहार नाही. संस्थेचे लेखापरीक्षण दरवर्षी वेळेवर होत असे, वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत होत असे आणि आप्पांनी स्वतःच्या रिक्षाभाड्याचेही पैसे कधी संस्थेकडून घेतले नाहीत. प्रकरण अवघड झाले ते याच कारणाने. भ्रष्ट सचिवाला हटवण्याची भाषा सर्वांना येते. प्रामाणिक, कष्टाळू आणि तरीही साऱ्या संस्थेला आपल्यावाचून हलू न देणाऱ्या माणसाशी कसे वागावे, याचा कोणालाच सराव नसतो.

अधिकार कसा साठत गेला

सुरुवातीची काही वर्षे आप्पांनी फक्त इतरांनी टाळलेली कामे उचलली. महापालिकेत मिळकत कराची दुरुस्ती करून आणणे, लिफ्टवाल्याच्या मागे लागणे, उन्हाळ्यात टँकर मिळवणे, भाडेकरूची माहिती पोलिसांकडे देण्याचे कागद तयार करणे, थकबाकीदाराच्या घरी जाऊन चहा पिता पिता वसुली करणे, ही कामे कोणालाही नको होती. रात्री साडेदहाला पाणी गेले तरी आप्पा फोन उचलत. यातून कृतज्ञता निर्माण झाली, कृतज्ञतेतून सवय लागली आणि सवयीतून हळूहळू सभासदांचे अज्ञान वाढत गेले. संस्थेचा विमा कोणत्या महिन्यात संपतो, लिफ्टचा वार्षिक देखभाल करार कोणाशी आहे, मुदत ठेवी कोणत्या शाखेत आहेत, हे समितीच्या इतर सदस्यांना सांगता येत नसे आणि न येण्याची लाजही वाटत नसे.

दुसरा टप्पा कागदांचा होता. संस्थेला कार्यालय नव्हते, म्हणून दप्तर आप्पांच्या घरातील लोखंडी कपाटात गेले. सभासदांची नोंदवही, भाग दाखल्यांची स्थळप्रत, नामनिर्देशन अर्ज, विकसकाशी झालेला जुना पत्रव्यवहार असे सगळे तिथे होते. कोणी मागितले तर आप्पा नाही म्हणत नसत. ते ‘शोधून देतो’ म्हणत, आणि शोधायला किती दिवस लागायचे हे मागणाऱ्यावर अवलंबून असे. सदनिका विकणाऱ्या सभासदाला ते ‘ना हरकत’ पत्र देत. वास्तविक आदर्श उपविधींनुसार, म्हणजे गृहनिर्माण संस्थांच्या कारभारासाठीच्या नमुना नियमांनुसार, सदनिकेच्या हस्तांतरणाला संस्थेच्या अशा पत्राची गरज नसते. सदनिका दुसऱ्याच्या नावे होताना संस्था जी रक्कम घेते त्या हस्तांतरण अधिमूल्यालाही शासनाने २००१ सालीच २५ हजार रुपयांची कमाल मर्यादा घातलेली आहे. आप्पांनी त्या मर्यादेपलीकडे कोणाकडून एक रुपया घेतला नाही. परंतु जे पत्र लागतच नाही ते आपल्याकडून घ्यावे लागते, हा समज त्यांनी मोडलाही नाही. अविवाहित मुलांना जागा भाड्याने देऊ नये, असा ठराव संस्थेने कधी केला नव्हता, तसा नियमही नव्हता. तरी भाडेकरू ठरवण्याआधी मालक आप्पांना फोन करत आणि आप्पा ‘बघा बुवा, तुमची इच्छा’ म्हणाले की समजून घेत.

देखभाल शुल्काच्या बिलाचे उदाहरण अधिक बोलके आहे. उपविधींची रचना तशी सरळ आहे : सेवाशुल्क सर्व सदनिकांना समान, पाणीपट्टी नळांच्या प्रमाणात, दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का आणि निक्षेप निधी (सिंकिंग फंड) किमान पाव टक्का दरसाल. आप्पांच्या बिलात मात्र १९९० च्या दशकातील तडजोडी, बंदिस्त केलेल्या बाल्कन्यांचे समायोजन, कूपनलिकेच्या वर्गणीचा राहिलेला भाग आणि ‘मागील फरक’ अशी खाती होती. प्रत्येक खात्यामागे खरी हकिकत होती, पण ती त्यांनाच ठाऊक. पुण्याच्या वाचकाला येथे एक जुनी गोष्ट आठवल्यावाचून राहणार नाही. पेशवे बाळाजी विश्वनाथांच्या काळात चौथाईची, म्हणजे मराठ्यांना मिळणाऱ्या महसुलातील चौथ्या हिश्श्याची, वाटणी राजबाबती एक चतुर्थांश, सहोत्रा सहा टक्के, नाडगौंडा तीन टक्के आणि उरलेला ६६ टक्के मोकासा अशी बसवली गेली. एकाच गावच्या वसुलीवर अनेकांचे हक्क आल्याने हिशेब इतका गुंतला की कारकुनांवाचून तो कोणाला उलगडेना, आणि त्यातूनच कारकुनांचे वजन वाढले, असे मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने १८२६ साली लिहून ठेवले आहे. हे सारे हेतुपुरस्सर केले गेले, हा त्याचा आरोप मान्य करण्याचे कारण नाही. गुंता हेतूने केलेला असो वा नसो, तो उलगडू शकणाऱ्याच्या हाती सत्ता जाते, एवढे मात्र आप्पांच्या बिलांवरूनही दिसते.

आणि पाणी. संस्थेला दोन भूमिगत टाक्या, तीन गच्चीवरच्या टाक्या आणि कूपनलिकेची नंतर जोडलेली वाहिनी आहे. १९८४ पासून इतक्या वेळा जोडकाम झाले की कोणता व्हॉल्व्ह कोणत्या इमारतीचा, याचा नकाशा कुठेच नव्हता. देखभालीसाठी महापालिका गुरुवारी पाणी बंद ठेवते आणि ‘शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल’ असे निवेदन येते, तेव्हा बुधवारी रात्री कोणते व्हॉल्व्ह किती वेळ फिरवायचे हे आप्पांना माहीत होते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मिशेल क्रोझिए यांनी फ्रान्समधील सरकारी तंबाखू कारखान्यांचा अभ्यास १९६३ साली प्रसिद्ध केला. त्यात यंत्रदुरुस्ती करणाऱ्या कामगारांचे वर्णन आहे. या कारखान्यांत बाकी सगळे नियमांनी बांधलेले होते, यंत्र बंद पडणे एवढीच अनिश्चित गोष्ट उरली होती, म्हणून यंत्र दुरुस्त करणाऱ्यांचे वजन त्यांच्या हुद्द्याहून कितीतरी मोठे झाले होते. यंत्रांचे आराखडे आणि सूचनापत्रके कारखान्यातून नाहीशी झालेली होती आणि काम शिकायचे ते जुन्या हाताकडूनच शिकावे लागे. आप्पांनी कोणताही आराखडा लपवला नव्हता. त्यांनी तो काढला नाही, एवढेच.

राजीनामा हे त्यांचे शेवटचे साधन होते. २००९ साली पार्किंगच्या वादात आणि २०१४ साली लेखापरीक्षकाच्या एका शेऱ्यावरून त्यांनी राजीनामा दिला. दोन्ही वेळा समितीचे सदस्य त्यांच्या घरी गेले, काकूंनी पोहे केले आणि आप्पांचे म्हणणे मान्य होऊन राजीनामा मागे घेतला गेला. त्यांनी कधी धमकी दिली नाही. द्यावी लागली नाही, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

समस्या समोर कशी आली

राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० मध्ये लागू झाल्यानंतर पुण्यातील जुन्या सोसायट्यांत पुनर्विकासाच्या चर्चेला वेग आला. या संस्थेतही २०२१ मध्ये काही सभासदांनी विषय काढला. पुनर्विकासासाठी पहिली अडचण जमिनीच्या मालकीची होती. १९६३ च्या सदनिका मालकी कायद्याप्रमाणे संस्था स्थापन झाल्यावर चार महिन्यांत विकसकाने जमीन आणि इमारत संस्थेच्या नावे करून द्यायला हवी. येथे ती ३७ वर्षांतही झालेली नव्हती. २००८ च्या दुरुस्तीने अशा संस्थांना सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे विकसकाने करून न दिलेली मालकी संस्थेच्या नावे करून घेण्यासाठी, अर्ज करण्याची वाट मोकळी झाली. आप्पांनी २०१२ मध्ये तशी तयारीही केली होती, पण मूळ जमीनमालकाच्या वारसांशी आपले बोलणे चालू आहे, सामोपचाराने होईल, असे सांगून त्यांनी ती फाईल थांबवली. ती नऊ वर्षे थांबली, आणि या नऊ वर्षांत कोणीही पुन्हा विचारले नाही.

आता कागद हवे होते. आप्पांचे उत्तर नेहमीचे होते : शोधून देतो. याच सुमारास दोन विकसकांची पत्रे संस्थेच्या पत्त्यावर येऊन गेल्याचे सभासदांना परस्पर कळले. आप्पांच्या मते ते विकसक फालतू होते आणि सभासदांना उगाच आशा लावण्यात अर्थ नव्हता. त्यांचे मत कदाचित बरोबरही असेल. परंतु ४८ सभासदांनी काय वाचावे हे एकाच व्यक्तीने ठरवले होते, आणि ते चुकीचे आहे असे त्यांना स्वतःला वाटत नव्हते.

जानेवारी २०२२ च्या समिती सभेत खजिनदारांनी, जे पन्नाशीतले संगणक क्षेत्रातील गृहस्थ होते, लेखी स्वरूपात कागदपत्रांची यादी मागितली. आप्पांनी तिसरा राजीनामा टेबलावर ठेवला.

विचारात घेतलेले पर्याय

अध्यक्षा एका राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झालेल्या अधिकारी होत्या. त्यांनी राजीनामा स्वीकारलाही नाही आणि फेटाळलाही नाही. विषय पुढील सभेपर्यंत तहकूब केल्याची नोंद त्यांनी इतिवृत्तात केली. त्या संध्याकाळी कोणीही आप्पांच्या घरी पोहे खायला गेले नाही. या प्रकरणातील हा पहिला खरा निर्णय होता. राजीनाम्याचा धाक टिकतो तो घाईने मिळणाऱ्या उत्तरावर, आणि अध्यक्षांनी उत्तराची घाई काढून टाकली.

पुढील तीन आठवड्यांत समितीने आपसात बऱ्याच वाटा चाचपल्या. राजीनामा सरळ स्वीकारावा, असे दोघांचे मत होते. त्यावर खजिनदारांनीच आक्षेप घेतला. उद्या गुरुवार आहे आणि व्हॉल्व्ह कोण फिरवणार, हे ते विसरले नव्हते. एका सदस्याने उपनिबंधकांकडे तक्रार करण्याचे सुचवले. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८० खाली संस्थेचे दप्तर ताब्यात घेण्याची कार्यवाही होऊ शकते हे खरे, परंतु ती तरतूद दप्तरात फेरफार होण्याची किंवा ते नष्ट होण्याची भीती असेल अशा वेळेसाठी आहे. ज्या माणसाने १८ वर्षे पावतीनिशी हिशेब ठेवला त्याच्यावर ती चालवणे अन्यायाचे झाले असते, आणि त्यातून कपाट मिळाले असते तरी डोक्यातले काहीच मिळाले नसते. पगारी व्यवस्थापक नेमण्याची सूचनाही आली. तीत तथ्य होते, पण व्यवस्थापकाला शिकवणार आप्पाच, म्हणजे प्रश्न एक पायरी पुढे ढकलला गेला असता. वाट पाहावी, आप्पांचे वय ७६ आहे, असेही एकजण म्हणाले. हे बोलून झाल्यावर सभेत काही क्षण कोणी काही बोलले नाही, हे नोंदवण्याजोगे आहे, कारण त्यापूर्वीची अनेक वर्षे संस्थेचे प्रत्यक्ष धोरण तेच होते.

निर्णायक गोष्ट समितीबाहेरून आली. आप्पांची मुलगी न्यू जर्सीला असते. तिचे दुसरे बाळंतपण एप्रिलमध्ये होते आणि काकूंना जायचे होते. २०१६ साली पहिल्या बाळंतपणाला दोघे गेले होते तेव्हा आप्पा साडेनऊ-साडेदहा तासांचा फरक सांभाळत रात्री जागून व्हॉट्सॲपवरून टँकर मागवत होते आणि शेवटी दोन महिन्यांतच परतले. या वेळी ते जायलाच तयार नव्हते. काकू अध्यक्षांना भेटल्या आणि म्हणाल्या, ‘ते तुम्हाला सोडत नाहीत असं तुम्हाला वाटतं. तुम्हीही त्यांना सोडत नाही आहात.’

अध्यक्षांना बँकेतील एक पद्धत आठवली. संवेदनशील जागी काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा सलग किमान १० कामकाजाचे दिवस सक्तीच्या रजेवर पाठवावे, तेही पूर्वसूचना न देता, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. त्या काळात त्याने कार्यालयीन कामाला हात लावायचा नसतो. हेतू गैरव्यवहार पकडण्याचा असला तरी त्यातून आणखी एक गोष्ट उघड होते : कोणते काम एकाच माणसावर टेकले आहे. तिजोरीच्या किल्ल्याही दोघांच्या संयुक्त ताब्यात असतात, एकाच्या हाती नाहीत, आणि त्यात कोणी स्वतःवर अविश्वास दाखवल्याचा अपमान मानत नाही, कारण नियम व्यवस्थापकालाही लागू असतो. समितीने हाच धागा धरला. राजीनामा तूर्त बाजूला ठेवायचा, आप्पांना चार महिने अमेरिकेला पाठवायचे, जाण्यापूर्वी दोन महिने कामाची नोंद करून घ्यायची आणि मधल्या काळात त्यांना फोन करायचा नाही, असे ठरले.

केलेली कार्यवाही

आप्पांनी हे मान्य केले. त्यात काकूंचा वाटा किती आणि आपल्यावाचून चार महिन्यांत काय होते ते बघाच, या विचाराचा किती, हे सांगता येणार नाही.

फेब्रुवारीपासून खजिनदार आणि एक निवृत्त शिक्षिका आठवड्यातून दोनदा आप्पांकडे बसू लागले. प्रश्न ‘कागद द्या’ असा न विचारता ‘जानेवारीत तुम्ही काय काय करता’ असा विचारायचा, ही शिक्षिकाबाईंची युक्ती होती आणि ती फार उपयोगी ठरली. आप्पा बोलू लागले. महिन्यांच्या क्रमाने एक वही तयार झाली. त्यातून दिसले की कायद्याने आवश्यक असलेली कामे फार थोडी होती आणि ती कोणालाही शिकता येण्यासारखी होती. बराच मोठा भाग सोयीच्या कामांचा होता. उरलेली कामे केवळ आप्पांच्या स्वभावातून निर्माण झालेली होती, उदाहरणार्थ प्रत्येक बिलावर हाताने टिपण लिहिणे किंवा दर रविवारी टाक्यांची पातळी पट्टीने मोजणे. व्हॉल्व्हच्या बाबतीत शिक्षिकाबाई त्यांच्यामागून रंगाचा डबा घेऊन फिरल्या. प्रत्येक व्हॉल्व्हवर क्रमांक रंगवला गेला आणि प्लंबरने साधा नकाशा काढून तो पंपघरात लावला. ३८ वर्षांत न झालेले हे काम दोन सकाळींत झाले.

सर्वच गोष्टी वहीत उतरल्या नाहीत. दोन भावांतील पार्किंगची तोंडी तडजोड, कोणत्या थकबाकीदाराला पत्र पाठवायचे आणि कोणाकडे स्वतः जायचे, महापालिकेच्या व्हॉल्व्हमनशी कसे बोलायचे, जमीनमालकाच्या वारसांपैकी कोण कोणाशी बोलत नाही, हे विचारल्यावर आप्पा म्हणत, ‘ते तसं लिहिण्यासारखं नाही.’ यात ते काही राखून ठेवत होते असे समितीतील काहींना वाटले. प्रस्तुत लेखकाला तसे वाटत नाही. माणसांविषयीचे असे ज्ञान प्रसंग आला की आठवते, वही पुढे करून मागितले तर आठवत नाही.

कागदांच्या बाबतीत समितीने समांतर मार्ग काढला. सामाजिक सत्तेविषयी समाजशास्त्रज्ञ रिचर्ड एमर्सन यांनी १९६२ साली मांडलेले सूत्र असे आहे की एखाद्याची दुसऱ्यावरील सत्ता ही त्या दुसऱ्याच्या अवलंबित्वाएवढी असते, आणि हवी ती वस्तू दुसरीकडून मिळू लागली की अवलंबित्व घटते. समितीने बहुधा हे सूत्र न वाचताच वापरले. सदनिकांच्या नोंदणीकृत करारांच्या सूची क्रमांक दोनच्या (नोंदलेल्या व्यवहाराच्या गोषवाऱ्याच्या) प्रती नोंदणी व मुद्रांक विभागाकडून मिळाल्या. मिळकत पत्रिका नगर भूमापन कार्यालयातून आली. मंजूर नकाशे आणि भोगवटा पत्रासाठी १० रुपयांचे शुल्क भरून माहिती अधिकारात महापालिकेकडे अर्ज केला गेला. ज्या कपाटाची इतकी चर्चा होती त्यातील बहुतेक महत्त्वाचे कागद शहरातील तीन सरकारी कार्यालयांत कोणालाही मिळत होते.

हे अर्ज आप्पांना न सांगता केले गेले. जाण्याच्या दोन आठवडे आधी महापालिकेतील एका ओळखीच्या कर्मचाऱ्याकडून त्यांना ते कळले. त्यांनी भांडण केले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटाची किल्ली आणि अनुक्रमणिका लावलेल्या ११ फायली अध्यक्षांच्या घरी नेऊन दिल्या आणि पोच मागितली. मानीव अभिहस्तांतरणाची २०१२ ची अर्धवट फाईलही त्यात होती, नमुना ७ मधील अर्जाच्या मसुद्यासह.

एप्रिल ते ऑगस्ट हा काळ अपेक्षेइतकाच अडखळत गेला. मे महिन्यातील एका गुरुवारी नकाशा असूनही चुकीचा व्हॉल्व्ह बंद राहिला आणि दोन इमारतींना शुक्रवारी दुपारपर्यंत पाणी नव्हते. काही सभासदांनी व्हॉट्सॲप गटावर ‘आप्पा असते तर’ असे लिहिले. अध्यक्षांनी आप्पांना फोन करण्याची परवानगी दिली नाही, आणि हा दुसरा महत्त्वाचा निर्णय म्हणावा लागेल, कारण त्या एका फोनने आधीचे सगळे व्यर्थ गेले असते. जूनमध्ये वेगळेच लक्षात आले. खजिनदारांनी सांगितलेल्या गोष्टी फाटकावर परस्पर बदलत होत्या. सुरक्षारक्षक रोज आप्पांना फोन करून सगळे कळवत होता आणि त्यांच्या सूचना पाळत होता. समितीत संताप व्यक्त झाला. शेवटी रक्षकाला कामावरून काढण्याऐवजी किंवा आप्पांना जाब विचारण्याऐवजी, यापुढे फाटकावरील प्रत्येक सूचना नोंदवहीत सहीनिशी लिहिलेली असेल तरच पाळायची, एवढाच नियम केला गेला. फोन चालू राहिले असतील. सूचना बदलणे मात्र थांबले.

निष्पत्ती

आप्पा परतले तेव्हा संस्था चालू होती, जरा वाईट पण चालू होती. त्यांनी राजीनाम्याचा विषय स्वतःच पुढील सभेत मांडला आणि तो आभाराच्या ठरावासह स्वीकारला गेला. मानद सल्लागार होण्याची विनंती त्यांनी नाकारली. पुढचे कित्येक महिने ते सभांना आले नाहीत आणि आंब्याखालच्या बाकावरही फारसे दिसले नाहीत. पहिल्या वर्षी थकबाकी वाढली, कारण नवे सचिव नोटिसा पाठवत होते आणि चहा प्यायला कोणी जात नव्हते. उलट बिल सोपे झाले. जुनी खाती सर्वसाधारण सभेच्या मंजुरीने बंद करून उपविधीप्रमाणे आकारणी सुरू झाली, त्यात काहींचे बिल वाढले आणि त्यांनी अजूनही समितीला क्षमा केलेली नाही.

मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज २०२३ मध्ये दाखल झाला. सुनावणीत वारसांपैकी एकाने हरकत घेतली तेव्हा समितीला आप्पांकडे जावे लागले. ते तयार झाले, पण वारसाकडे एकटे गेले नाहीत. समितीच्या दोघांना सोबत घेतले आणि बोलणे त्यांच्यासमोर केले. हरकत मागे घेतली गेली आणि पुढे आदेश मिळाला. पुनर्विकासाचा निर्णय अजून झालेला नाही. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार त्यासाठीच्या विशेष सभेला दोन तृतीयांश सभासदांची उपस्थिती आणि एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते, आणि विकसक निवडीच्या सभेचे चित्रीकरणही करावे लागते. पहिल्याच सभेत उपस्थितीअभावी विषय घेता आला नाही. आप्पांना हटवल्यावर पुनर्विकास लगेच मार्गी लागेल असे ज्यांना वाटत होते, त्यांना यातून आपला अंदाज तपासून पाहता आला.

वेगळे काय करता आले असते

माहिती अधिकाराचे अर्ज आप्पांना सांगून करायला हवे होते. समितीची भीती अशी होती की सांगितले तर ते अडवतील. पण सार्वजनिक कार्यालयातील अर्ज त्यांना अडवता आलेच नसते, आणि फायली त्यांनी ज्या तडफेने आणून दिल्या त्यावरून त्यांना दुखावले ते अर्जांनी नव्हे, लपवाछपवीने, असे दिसते. या गुप्ततेने काहीही मिळवले नाही. तिने एका सहकार्याच्या प्रक्रियेला शेवटच्या टप्प्यात अपमानाचे रूप मात्र दिले. मानद सल्लागारपदाचा नकार तिथून आला असावा.

दुसरी गोष्ट वेळेची. २००९ चा पहिला राजीनामा हाच योग्य क्षण होता. तेव्हा आप्पा ६३ वर्षांचे होते, कामाचा पसारा आवरण्याजोगा होता आणि सहायक सचिव नेमणे ही साधी बाब ठरली असती. समितीने त्या वेळी त्यांची मनधरणी केली ती त्यांच्यावरील प्रेमापोटी जितकी, तितकीच स्वतःवर काम येऊ नये म्हणून. अशा प्रसंगी इतरांच्या आळसाचा हिशेब सहसा मांडला जात नाही. सचिवाने सत्ता गोळा केली असे म्हणणे सोपे आहे, ४७ जणांनी ती त्याच्या दारात नेऊन ठेवली हे म्हणणे जड जाते.

आप्पांच्या बाजूनेही एक प्रश्न उरतो. वहीचे काम चालू असताना ते शिक्षिकाबाईंना म्हणाले होते की हे सगळे कोणी आधी विचारले असते तर आनंदाने सांगितले असते. हे पूर्ण खरे नसावे, कारण त्यांनी सांगण्याची संधीही कधी निर्माण केली नाही. ज्या माणसाला निवृत्तीनंतर रोज सकाळी उठून जाण्याचे ठिकाण या कामाने दिले, त्याच्याकडून ते काढून घेताना त्याच्या दिवसाचे काय होणार, याचा विचार समितीच्या एकाही इतिवृत्तात नाही. भेटीगाठींची वसुली तेवढी त्यांच्याकडे ठेवली असती, एखाद्या तरुण सभासदाला बरोबर देऊन, तर थकबाकीही कदाचित वाढली नसती.

सध्या संस्थेचे सर्व हिशेब एका संगणकीय प्रणालीवर आहेत. ती खजिनदारांनी निवडली, त्यांनीच बसवली आणि तिचा परवलीचा शब्द त्यांच्याकडे आहे. बँकेच्या खात्याचा ओटीपी त्यांच्याच मोबाईलवर येतो. सभासदांना बिलाविषयी काही विचारायचे असले की आता ते खजिनदारांना रात्री साडेदहाला फोन करतात आणि ते उचलतात. दुहेरी ताब्याचा आणि खजिनदारांच्या दरवर्षीच्या सक्तीच्या रजेचा ठराव अध्यक्षांनी येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर ठेवला आहे. खजिनदारांनी त्यावर अद्याप आपले मत कळवलेले नाही.